अकॉर्डियनचा डावा हातही ऐकू यावा म्हणून

अकॉर्डियनचा आवाज एका जागेवरून येत नाही. उजवीकडे पट्ट्या, डावीकडे बास (खर्जाचे स्वर), मध्ये भाता. भाता उघडला की डावी बाजू हातभर लांब जाते. त्यामुळे स्टँडवरचा एकच माइक पुरत नाही. परभणी-लातूरकडच्या जत्रांत आमच्या ऑर्केस्ट्रात बास कायम बुडायचा, आणि आवाज वाढवला की मॉनिटरमधून, म्हणजे स्टेजवर आमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, शिट्टी!

शेवटी माइक वाद्यावरच बसवले. उजव्या जाळीवर दोन छोटे कंडेन्सर जातीचे माइक, वरच्या आणि खालच्या स्वरांसाठी. एकच ठेवला तर त्याच्याजवळचे स्वर अंगावर येतात. डावीकडे एक, तो बाजूबरोबरच हलतो. त्याची वायर जरा ढिली सोडावी, नाहीतर भाता उघडताना ताण बसतो. दोन्ही बाजूंना मिक्सरवर वेगळे चॅनल हवेतच, तरच बास ताब्यात राहतो. मला विचाराल तर हेच सगळ्यात महत्त्वाचं. उजव्या चॅनलला लो-कट (अगदी खालचे आवाज कापणारी सोय) लावला की भात्याची धपधप कमी होते.

कंडेन्सरला बहुधा ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरकडून माइकच्या वायरीतूनच येणारी वीज, लागते. मिक्सरवर ती आहे का, हे सुपारी घेतानाच विचारतो. उघड्या मैदानात वारा असतो, तिथे माइकला फोमची टोपी घालायचीच.