गो गेमचा रिव्ह्यू करताना या चुका टाळा

गोचा (काळ्या-पांढऱ्या स्टोनने बोर्डवर जागा वेढायचा खेळ) गेम संपतो, माणूस हरलेला असतो, लगेच गेमची फाईल इंजिनमध्ये (मूव्ह तपासणारा एआय प्रोग्राम) टाकतो, ग्राफ जिथे धाडकन खाली आलाय तिथे क्लिक करतो, सुचवलेल्या मूव्हचा ठिपका बघतो, "अच्छा इथे खेळायचं होतं होय" म्हणतो आणि पुढचा गेम चालू करतो. बरेच जण यालाच रिव्ह्यू म्हणतात आणि मग तीच चूक पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोपऱ्यात परत होते. कारण कुठली मूव्ह चुकली ते कळलं, पण कुठल्या विचारातून ती मूव्ह आली ते कळलंच नाही. रिव्ह्यू त्या विचाराचा करायचा असतो. खाली ज्या चुका लिहिल्यात त्या जवळपास सगळ्या याच एका गोष्टीवर येऊन थांबतात.

इंजिन आधी, डोकं नंतर

ही सगळ्यात कॉमन चूक. एकदा तो ठिपका दिसला की आपलं मत उरतच नाही. म्हणून पहिली फेरी इंजिन बंद ठेवून करा, आणि जमलं तर फाईल न उघडता नुसत्या आठवणीतून बोर्डवर गेम मांडा. पूर्ण गेम साधारण 200 ते 250 मूव्हचा असतो, सगळा नाही आठवणार, पहिल्या 50 मूव्ह आठवल्या तरी खूप झालं. जिथे अडकता तिथे नीट बघा, कारण ज्या मूव्हला काही कारण होतं ती आठवते, जी समोरच्याने खेळलं म्हणून नुसतं उत्तर दिलं अशी असते ती आठवत नाही. प्रो लोकांना अख्खा गेम आठवतो यात जादू काही नाही, त्यांच्या प्रत्येक मूव्हमागे कारण असतं.

या फेरीत लिहून ठेवा: कुठे वाटलं की आपण मागे पडलो, कुठे दोन मूव्हमध्ये ठरवता येत नव्हतं, आणि समोरच्याची कुठली मूव्ह अजिबात दिसली नव्हती. मग इंजिन लावा. तुम्हाला वाटलं मागे आहोत आणि इंजिन म्हणतंय 5 पॉइंटने पुढे होतात, असं जिथे निघेल तिथे थांबा. पोझिशनचा अंदाजच चुकीचा असेल तर पुढच्या सगळ्या मूव्ह त्या चुकीच्या अंदाजावर उभ्या असतात, उगाच घुसखोरी, उगाच फाईट, सगळं तिथूनच येतं.

विनरेट बघून चुका शोधणं

विनरेट म्हणजे जिंकण्याची शक्यता, चुकीचा आकार नाही, आणि हे दोन्ही एकच समजल्यामुळे फार गोंधळ होतो. योसेच्या (गेमचा शेवटचा टप्पा, जिथे जागांच्या सीमा ठरतात) शेवटी गेम अर्ध्या पॉइंटवर असेल तर एका पॉइंटच्या चुकीने विनरेट 90 वरून 10 वर येतो. उलट 40 पॉइंटने मागे असताना तुमचा 15 पॉइंटचा ग्रुप (एकत्र असलेले स्टोन) मेला, म्हणजे पकडला गेला, तरी विनरेट हलत नाही, तो आधीच शून्याजवळ असतो. म्हणजे ग्राफ एका बारीक गोष्टीवर ओरडतो आणि मोठ्या चुकीवर गप्प बसतो. कटागो नावाच्या इंजिनमध्ये स्कोअर लीड (कोण किती पॉइंटने पुढे) दिसतो, तो लावा आणि प्रत्येक मूव्हने किती पॉइंट गेले ते बघा. तुम्ही डीडीके (दोन आकडी क्यू, म्हणजे अजून नवखे) असाल तर 2 पॉइंटच्या आतलं सगळं सोडून द्या, त्याने तुमचा गेम हरलेला नाहीये. आधी 8-10 पॉइंटच्या वरच्या मूव्ह बघा.

स्कोअर विचित्र दिसत असेल तर सेटिंग तपासा. कोमी (दुसरा खेळतो म्हणून पांढऱ्याला मिळणारे पॉइंट) चुकीचा आहे का? जपानी नियमात 6.5, चिनी नियमात 7.5, आणि हॅंडिकॅप गेममध्ये (कमजोर खेळाडूला आधीच काही काळे स्टोन देतात) बहुतेक वेळा 0.5 किंवा 0. हॅंडिकॅप गेममध्ये विनरेट पहिल्या मूव्हपासूनच काळ्याच्या बाजूने टोकाला असतो आणि बराच वेळ तिथेच चिकटून राहतो, तिथे त्याच्याकडे बघू पण नका. दुसरं म्हणजे व्हिजिट (इंजिन किती वेळा पुढच्या शक्यता तपासतं तो आकडा) फार कमी ठेवल्या असतील (फोनवर हमखास) तर लांबलचक लॅडर (जिन्यासारखा पुढे सरकणारा पाठलाग), मोठा सेमेआय (कोण कुणाला आधी पकडतो अशी दोन ग्रुपची शर्यत) अशा ठिकाणी इंजिन चुकीचं सांगू शकतं, ती पोझिशन उघडी ठेवून थोडा वेळ चालू द्या, आकडा स्थिर झाला की मग विश्वास ठेवा. एक ग्रुप दुसऱ्या ग्रुपला गोल वेढा घालून स्वतःशीच जोडला गेलाय, अशा आकारात तर कटागो फसतं हे रिसर्च करणाऱ्यांनी 2022-23 मध्ये दाखवून दिलंय. तुमच्या गेममध्ये असा गोल आकार आला तर लिबर्टी (ग्रुपला लागून असलेल्या मोकळ्या जागा) स्वतः मोजा.

ग्राफ करवतीसारखा दिसतोय?

एक मूव्ह वर, एक खाली, परत वर, परत खाली, असं 10-12 मूव्ह चाललं असेल तर लोकांना वाटतं प्रत्येक मूव्ह चूक होती. तसं नसतं. बोर्डवर एक फार मोठी जागा आहे आणि दोघांनाही ती दिसत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. दोघं दुसरीकडे खेळतायत, म्हणून प्रत्येकाच्या पाळीला 15 पॉइंट जातात आणि समोरच्याच्या पाळीला परत येतात. अशा ठिकाणी 12 मूव्ह वेगवेगळ्या बघण्यात वेळ घालवू नका, ती एकच जागा शोधा आणि ती मोठी का आहे ते समजून घ्या. बहुतेक वेळा दोन कमजोर ग्रुपमधला कट असतो किंवा एखाद्या ग्रुपच्या दोन डोळ्यांचा प्रश्न असतो (डोळा म्हणजे ग्रुपने आत राखलेली मोकळी जागा, दोन असले की ग्रुप मरत नाही).

ग्रुप मेला तिथे चूक शोधणं

140 व्या मूव्हला ग्रुप मेला, मग माणूस 130 ते 140 खणत बसतो, "हाने केलं असतं तर डोळा झाला असता" वगैरे (हाने म्हणजे समोरच्याच्या स्टोनला वळसा घालणारी मूव्ह). वाचन सुधारायला ते ठीक आहे, जरूर करा. पण तो ग्रुप तिथे कमजोर का होता? मागे जात रहा. 96 ला कदाचित तुम्ही समोरच्याला सेंते मध्ये (उत्तर द्यावंच लागेल अशा मूव्हनी) ढकलत गेलात, तुम्हाला वाटलं फुकटच्या मूव्ह मिळतायत, आणि त्यात त्याची भिंत पक्की झाली जी नंतर तुमच्या ग्रुपवर चालून आली. किंवा 74 ला एक साधी उडी मारून बाहेर यायचं होतं, तेव्हा तुम्ही बाजूला 6 पॉइंटची मोठी जागा घेतली. इंजिन त्या 96 ला कदाचित 2-3 पॉइंटचीच चूक दाखवेल, कारण त्याला तो ग्रुप नंतरही वाचवता येतो. आपल्याला येत नाही ना! म्हणून आपल्यासाठी ती 3 पॉइंटची चूक खरं तर अख्ख्या ग्रुपची असते, आणि हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही, ते आपणच शोधायचं.

चांगल्या मूव्ह कुणी बघतच नाही

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ग्राफमध्ये चांगली मूव्ह दिसतच नाही! इंजिन आधीच धरून चालतं की तुम्ही बेस्ट खेळणार, त्यामुळे बेस्ट खेळलात तर रेषा सपाट राहते. म्हणजे तुमच्या उत्तम मूव्ह सगळ्या त्या सपाट भागात लपलेल्या असतात आणि लोक तेवढाच भाग फॉरवर्ड करतात. पोझिशन अवघड होती, पर्याय बरेच होते, त्यातला एकच चालत होता आणि तुम्ही तोच खेळलात, अशा जागा मुद्दाम शोधा, आणि तेव्हा काय विचार केला होता ते लिहा. तो विचार तुमच्याकडे आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं, नाहीतर पुढच्या वेळी शंका घेऊन तुम्हीच तो सोडून द्याल. समोरच्याच्या चांगल्या मूव्हचं पण तसंच, हरलेल्या गेममध्ये सगळं आपल्याच चुकीने झालं असं नसतं.

पण "चालली म्हणून चांगली" हे मात्र नाही. समोरचा घाबरला आणि तुमची ओव्हरप्ले (गरजेपेक्षा जास्त धाडसी मूव्ह) खपली तर ती मूव्ह चांगली झाली नाही, बेस्ट उत्तर दिल्यावर काय उरतं ते बघायचं. यात एक बारकावा आहे. मार्च 2016 मध्ये सोलमध्ये कोरियन प्रो ली सेडोलने अल्फागोविरुद्ध (डीपमाइंड कंपनीचा गो प्रोग्राम) चौथ्या गेममध्ये 78 वी मूव्ह खेळली, मध्ये घुसवलेली ती वेज, ती मालिका तो 4-1 ने हरला पण हा गेम जिंकला. नंतरच्या विश्लेषणात असं निघालं की अचूक उत्तर असतं तर ती पूर्ण चालली नसती, पण अल्फागो 79 ला चुकलं आणि डीपमाइंडच्या लोकांनी सांगितलं की त्याला ते साधारण 87 व्या मूव्हला कळलं. मग ती मूव्ह चूक होती का? नाही! तो मागे होता, शांत खेळून हरणारच होता, अशा वेळी समोरच्याला सर्वात अवघड प्रश्न टाकणं हेच बरोबर खेळणं आहे. तीच मूव्ह 10 पॉइंटने पुढे असताना खेळली असती तर चूक म्हटली असती. म्हणून मूव्हला मार्क देताना तेव्हाचा स्कोअर शेजारी लिहा.

चांगली मूव्ह ओळखायची अजून एक पद्धत, एक स्टोन किती कामं करतोय ते मोजा. 1846 मध्ये जपानी खेळाडू शुसाकूने गेनान इन्सेकीविरुद्ध खेळलेली 127 वी मूव्ह याचसाठी दाखवतात, वरचा मोयो (पुढे आपली होऊ शकेल अशी मोठी जागा) वाढतो, उजवीकडच्या पांढऱ्या भिंतीचा जोर कमी होतो, खालच्या कमजोर काळ्या स्टोनना मदत होते आणि डावीकडची पांढऱ्याची जागा पण आक्रसते. तुमच्या गेममधल्या मूव्हने दोन कामं केली असतील तरी तिला टिक करा.

इंजिनची मूव्ह पाठ करणं

अल्फागोच्या मास्टर आवृत्तीने 2017 च्या सुरुवातीपर्यंत टॉपच्या प्रोंविरुद्ध सलग 60 ऑनलाईन गेम जिंकले, तेव्हापासून होशीखाली (कोपऱ्यातला 4-4 ठिपका) लवकर सान-सानला (3-3 ठिपका) घुसायची लाट आली. आपण पण घुसतो, मग जुन्या सवयीने दुसऱ्या लाईनवर हाने करून जोडून घेतो आणि समोरच्याला पक्की भिंत बांधून देतो. इंजिन घुसतं खरं, पण बहुतेक वेळा ती हाने-जोड तशीच सोडून दुसरीकडे निघून जातं, सगळी मेख तिथेच आहे. जो अडवतोय त्याचं पण असंच, कुठल्या बाजूने अडवायचं हे पाठ करून येत नाही, भिंत जिकडे तोंड करून उभी राहील तिकडे तुमचे स्टोन किंवा मोकळी जागा आहे का ते बघायचं.

न कळलेल्या मूव्हचा अर्थ काढायला दोन गोष्टी करा. एक, इंजिनची मूव्ह ठेवा, समोरच्याची पाळी पास करा आणि इंजिन पुढे कुठे खेळतं ते बघा, ती मूव्ह कशाची धमकी देतेय ते लगेच दिसतं. दोन, तुम्ही समोरच्याच्या जागी असता तर जे उत्तर दिलं असतं ते बोर्डवर ठेवा, कारण इंजिन दाखवतं ते आदर्श उत्तर आणि तुमच्या लेव्हलचा माणूस देणार दुसरंच. तरीही कळली नाही तर सोडा. लिस्टमधली दुसरी किंवा तिसरी मूव्ह अर्ध्या पॉइंटने कमी पण समजणारी असते, ती घ्या, बिनधास्त.

योसे सोडून देणं

फाईट बघायला मजा येते म्हणून 150 नंतरचा भाग कुणी उघडत नाही. पहिल्या लाईनवरची मंकी जंप (कडेने समोरच्याच्या जागेत लांब घुसणारी मूव्ह) साधारण 8 पॉइंटची असते, ती वेळेत रोखली नाही आणि दोन ठिकाणी गोते मध्ये (म्हणजे पुढाकार समोरच्याकडे सोडून) उत्तरं देत बसलो की फाईटमध्ये कमावलेलं सगळं परत जातं. इथे एकच बघा, सेंते, म्हणजे पुढाकार, कुणाकडे होती आणि ती कधी सुटली.

समोरच्यासोबत रिव्ह्यू

मिळाली संधी तर सोडू नका, इंजिनपेक्षा हे जास्त कामाचं आहे, कारण समोरच्याला कशाची भीती वाटत होती हे फक्त तोच सांगू शकतो. जपान, कोरिया, चीनमधले प्रो हरल्यावर सुद्धा तिथेच बसून गेम परत मांडतात. फक्त सुरुवातच "इथे तुमचं चुकलं" अशी करू नका, "इथे तुम्ही काय बघत होतात?" असं विचारा, आणि समोरचा सीनियर असेल तर "कसं खेळायचं होतं" असं गोल विचारण्यापेक्षा स्वतःचे दोन पर्याय मांडून "यातलं कुठलं आणि का" असं विचारा, उत्तर दहापट कामाचं मिळतं. त्याने इंजिनच्या उलट काही सांगितलं तर वाद घालू नका, दोन्ही लिहून ठेवा.

आणि एका गेममधून तीनच पोझिशन घ्या, त्यातली एक तरी चांगल्या मूव्हची. सेव्ह करा, आणि आठ-दहा दिवसांनी ठिपके न बघता त्या पोझिशनपासून पुढे 20 मूव्ह खेळून बघा, मित्रासोबत किंवा इंजिनसोबत. हात परत त्याच चुकीच्या जागी गेला तर ती पोझिशन यादीत राहू द्या आणि नवीन गेमचा रिव्ह्यू त्यानंतर.