दगडी दालनाचं प्रेक्षागृह: आधी आवाज, मग खुर्च्या

जुन्या इमारतीतलं दालन रिकामं असताना भव्य वाटतं, पण त्यात भाषण सुरू झालं की शब्द शब्दात मिसळतात. म्हणून आराखड्याआधी घुमण्याचा काळ, म्हणजे आवाज थांबल्यावर तो दालनात विरायला लागणारा वेळ, मोजा. फुगा फोडून त्याचं रेकॉर्डिंग केलं तरी अंदाज येतो. भाषणासाठी हा काळ १ सेकंदाच्या आसपास हवा.

हिशेब सोपा आहे: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण ध्वनिशोषण. समजा दालन २० × १२ मीटर, उंची ९ मीटर. म्हणजे २,१६० घनमीटर. १ सेकंदासाठी सुमारे ३४८ चौ.मी. शोषण लागेल, म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतकं. गादीच्या खुर्च्यांवर बसलेले २०० प्रेक्षक साधारण १०० देतात. उरलेल्या २४८ साठी ०.८ गुणांकाचे (आवाजाचा ८० टक्के भाग शोषणारे) पॅनेल लावायचे तर ३१० चौ.मी. भिंत झाकावी लागेल, म्हणजे चारही भिंतींच्या निम्म्याहून जास्त! मग जुनं दालन घेतलं कशाला? १.३ सेकंदांवर समाधान माना. २१० चौ.मी. पॅनेल पुरतात आणि नक्षी नसलेल्या सपाट छतात ते बसतात. उरलेली कसर नेमक्या दिशेने आवाज टाकणारे कॉलम स्पीकर भरून काढतात. घुमट असेल तर सावध राहा, तो आवाज एका जागी गोळा करतो.

बैठकीचे टप्पे, रंगमंच, दिव्यांची चौकट हे सगळं स्वतःच्या खांबांवर उभं करा, भिंतीला टेकवू नका. खांबांखालची जुनी फरशी किंवा तळमजल्याची कमान तो भार पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी तपासून घ्या. भिंतीत काही बसवणं टळतच नसेल तर भोक दगडात न पाडता सांध्यातल्या चुन्यात पाडा आणि अँकर (भिंतीत रोवायचे बोल्ट) स्टेनलेस स्टीलचेच वापरा. साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगडाची कड उडवतं. दुरुस्तीला सिमेंट नको, ओल आत कोंडते आणि क्षार दगडाचा पृष्ठभाग सोलतात. भिंतीवर पॅनेल लावलेच तर मागे ५० मि.मी. हवा खेळती ठेवा.

वातानुकूलन सर्वात जास्त फसतं. छतातून वाहिन्या नेल्या की पॅनेलची जागा जाते आणि घरघर ऐकू येते. बैठकीच्या टप्प्यांखालची पोकळी वापरा, खुर्चीखालून थंड हवा संथपणे सोडा आणि यंत्र दालनाबाहेर रबरी पॅडवर ठेवा. वायरिंगही त्याच पोकळीतून जाईल.

बाहेर पडायचे किमान दोन स्वतंत्र मार्ग हवेत. जुनं दार अरुंद असेल तर ते रुंद करण्यापेक्षा आसनं कमी करा.

पॅनेल एकदम सगळे लावू नका. दोन तृतीयांश बसवून, खुर्च्या मांडून पुन्हा मोजा. उरलेल्यांची जागा त्यानंतर ठरवा.