‘माझं सरकार’ म्हणतं तेव्हा: राष्ट्रपतींचं अभिभाषण कसं वाचावं

जानेवारीच्या अखेरीला राष्ट्रपती सहसा दोनदा बोलतात आणि दरवर्षी कुणी ना कुणी या दोन भाषणांची सरमिसळ करतंच. २५ जानेवारीच्या संध्याकाळी होतं ते देशवासीयांना उद्देशून केलेलं भाषण. त्यानंतर काही दिवसांनी, अर्थसंकल्पीय अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे होतं ते अभिभाषण. पहिल्याला तिरंग्याचा मूड असतो. दुसरं म्हणजे सरकारने स्वतःच्या हाताने लिहून दिलेली कामांची यादी. दुर्दैवाने २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, त्यामुळे पेपरात ही यादी करसवलतींच्या अंदाजाखाली दबून जाते. देशाचा प्राधान्यक्रम निदान सरकारच्या लेखी काय आहे, हे मात्र तिच्यातच सगळ्यात स्वच्छ दिसतं.

मी गेली काही वर्षं स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांबरोबर हे अभिभाषण ओळीने वाचतो. त्यातून जी पद्धत बसत गेली, ती इथे मांडतो. दोन संध्याकाळी, एक वही आणि एक शिसपेन्सिल एवढं पुरतं.

आधी टीव्ही बंद करा

पहिल्या वर्षी मी वही घेऊन टीव्हीपुढे बसलो होतो. तासाभराने वहीत योजनांची नावं होती आणि ‘बाकं वाजली’ अशा पाच-सहा नोंदी. बाकं कुठल्या वाक्याला वाजली यावरून फार तर सत्ताधारी बाकांचा उत्साह कळतो. सोहळा बघायचाच असेल तर संसद टीव्हीवर जरूर बघा. २०२४ च्या जानेवारीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू घोड्यांच्या बग्गीतून आल्या होत्या, तो थाट बघण्यासारखाच होता. नव्या इमारतीत जुन्यासारखा मध्यवर्ती सभागृह नाही, म्हणून दोन्हीकडचे खासदार आता लोकसभेच्या दालनात बसतात. पण काम सुरू होतं ते छापील मजकूर हातात आल्यावर.

राष्ट्रपतींचं बोलणं संपलं की थोड्या वेळाने दोन्ही सभागृहं वेगवेगळी भरतात आणि अभिभाषणाची प्रत पटलावर ठेवली जाते. राष्ट्रपती भवनाच्या आणि पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळांवर तो मजकूर मिळतो. हिंदी आणि इंग्रजी, दोन्ही उतरवून घ्या. एका भाषेत संदिग्ध वाटलेलं क्रियापद दुसरीत कधीकधी उघडं पडतं. परिच्छेदांना क्रमांक नसतील तर स्वतः घाला, पुढे फार उपयोग होतो.

शब्द कुणाचे, हे पक्कं करा

मजकुरात ‘माझे सरकार’ हा शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येईल. तो ऐकून वाटतं की राष्ट्रपती स्वतःचं मत सांगताहेत. तसं नाही. मंत्रालयं आपापला मजकूर पाठवतात, त्याचं एक भाषण बेतलं जातं, मंत्रिमंडळ त्याला मान्यता देतं आणि राष्ट्रपती ते वाचतात. म्हणूनच नंतरच्या चर्चेत राष्ट्रपतींचं नाव घेऊन टीका करता येत नाही. बोलायचं ते सरकारबद्दल.

संविधानाच्या कलम ८७ मध्ये याची तरतूद आहे. मूळ संविधानात प्रत्येक अधिवेशनाच्या सुरुवातीला अभिभाषण होतं. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते दोनच प्रसंगांपुरतं ठेवलं: वर्षातलं पहिलं अधिवेशन आणि लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतरचं पहिलं अधिवेशन. म्हणून पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात ते एरवी शोधू नका. २०२४ मध्ये मात्र ते दोनदा झालं, ३१ जानेवारीला आणि निवडणुकीनंतर २७ जूनला.

शब्द सरकारचे आणि तोंड दुसऱ्याचं, ही गोष्ट राज्यांत जास्त झणझणीत होते, कारण कलम १७६ खाली राज्यपालांनाही हेच करावं लागतं. २०२० साली केरळमध्ये राज्यपाल आरिफ मोहम्मद खान यांनी नागरिकत्व कायद्याविरुद्धचा परिच्छेद वाचला, पण आपल्याला हे मान्य नाही आणि मुख्यमंत्र्यांची इच्छा म्हणून वाचतोय, असं आधी सांगून. आपल्याकडे २०१८ मध्ये वेगळाच घोळ झाला. विधिमंडळात राज्यपालांच्या अभिभाषणाचा मराठी अनुवाद सदस्यांच्या कानावर आलाच नाही. तेव्हाचे शिक्षणमंत्री विनोद तावडे यांनी मग स्वतः जाऊन तो वाचला. दुसऱ्या दिवशी मराठी भाषा दिन होता, एवढंच सांगतो.

क्रियापदांवर पेन्सिल फिरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि मुलं हिलाच कंटाळतात. योजनांची नावं सोडून द्या, फक्त वाक्याचा शेवट बघा. वहीच्या पानावर चार कप्पे करा.

पहिल्या कप्प्यात ‘केलं’. कायदा झाला, इतकी घरं बांधली, अमुक मार्ग सुरू झाला. हे पडताळता येतं.

दुसऱ्यात ‘चालू आहे’. काम प्रगतिपथावर आहे, वेगाने सुरू आहे. इथे लगेच समासात प्रश्न लिहा: कधीपासून?

तिसऱ्यात ‘करणार’. याचे पुन्हा दोन भाग, तारीख दिलेली आणि न दिलेली.

चौथ्या कप्प्यात उरलेलं सगळं: वचनबद्ध, प्रयत्नशील, कटिबद्ध. कटी म्हणजे कंबर. सरकार कटिबद्ध आहे म्हणजे सरकारने कंबर कसलेली आहे. चालायला लागलंय असं कुठे म्हटलंय?

हा चौथा कप्पा सगळ्यात आधी भरतो. कुठल्याही पक्षाचं सरकार असो.

क्रियापद किती धूर्त असू शकतं याचा नमुना म्हणून मी नेहमी ४ जून २००९ चं अभिभाषण काढतो. वाचणाऱ्या होत्या आपल्या प्रतिभाताई पाटील आणि सरकार मनमोहन सिंग यांचं. त्यात पहिल्या शंभर दिवसांची यादी होती आणि तिच्यात महिला आरक्षण विधेयक लवकर संमत करण्याचा विषय होता. बातम्यांतून लोकांच्या मनात बसलं ते ‘शंभर दिवसांत महिला आरक्षण’. मूळ मजकुरात मात्र शंभर दिवसांत पावलं उचलण्यास सुरुवात करू, असं म्हटलं होतं. मार्च २०१० मध्ये विधेयक राज्यसभेत संमत झालं, लोकसभेत आलंच नाही आणि १५ व्या लोकसभेबरोबर मावळलं. पुढे २०२३ च्या सप्टेंबरात नवं विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झालं, तेही जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधून.

त्याच भाषणात दुसरं एक वाक्य होतं: दारिद्र्यरेषेखालच्या प्रत्येक कुटुंबाला दरमहा २५ किलो तांदूळ किंवा गहू ३ रुपये किलोने मिळण्याचा कायदेशीर हक्क. हे चक्क तिसऱ्या कप्प्यातलं वाक्य, मोजता येण्यासारखं. २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला तेव्हा हिशेब कुटुंबाऐवजी माणशी झाला होता, दरडोई ५ किलो. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये. बहुतेक लाभार्थींसाठी ‘दारिद्र्यरेषेखालचे’ ही अटही गेली होती. पाच जणांच्या घराला तेवढेच २५ किलो, तिघांच्या घराला १५. चार वर्षांत एका वाक्याचं काय काय झालं ते बघायला दोन कागद शेजारी ठेवावे लागतात, बाकी काही नाही.

क्रम आणि मौन

कोणता विषय कितव्या परिच्छेदात आला ते लिहा. शेती गेल्या वर्षी आठव्यात होती आणि यंदा तिसाव्यात गेली, तर ती नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. निष्कर्ष मात्र लगेच काढू नका, निवडणुका जवळ आल्या की हा क्रम पुन्हा हलतो.

काय नाही ते शोधणं जास्त अवघड. साधा उपाय म्हणजे संगणकावर मजकुरात शब्द शोधायचे: महागाई, बेरोजगारी, कांदा, दुष्काळ, तुमच्या जिल्ह्याला जे छळतं ते. पण त्याहून सोपी वाट संसदच तयार करून देते आणि ती फारशी कुणाला ठाऊक नसते. अभिभाषणानंतर दोन्ही सभागृहांत आभारदर्शक प्रस्ताव मांडला जातो. त्याला विरोधी सदस्य दुरुस्त्या सुचवतात आणि त्यांची ठरलेली भाषा अशी: ‘परंतु खेद वाटतो, की अभिभाषणात अमुक गोष्टीचा उल्लेख नाही.’ या दुरुस्त्यांची यादी म्हणजे सरकारच्या मौनाची अनुक्रमणिका. ती खासदारांनीच आयती करून दिलेली असते! संसदेच्या संकेतस्थळावर सभागृहाच्या कामकाजाच्या कागदांत ती सापडते. विरोधक सगळंच खेदजनक मानतात, तेव्हा ही यादी जरा सावधपणे वाचायची.

या दुरुस्त्या सहसा फेटाळल्या जातात. लोकसभेत एखादी संमत झाली तर तो सरकारवरचा अविश्वासच मानला जाईल. राज्यसभेत मात्र तसं घडलेलं आहे. ३ मार्च २०१५ रोजी माकपचे सीताराम येचुरी यांची भ्रष्टाचार आणि काळ्या पैशाबद्दलची दुरुस्ती ११८ विरुद्ध ५७ मतांनी संमत झाली. पुढच्याच वर्षी पुन्हा एक झाली.

चर्चेच्या शेवटी पंतप्रधान उत्तर देतात. ते ऐकायला मजा येते, पण नोंदीच्या दृष्टीने त्यात हाताला फार लागत नाही. त्यात टोले जास्त असतात.

पैशाशी आणि विधेयकांशी गाठ घाला

ही दुसऱ्या संध्याकाळची कामं. अर्थसंकल्प आल्यावर तुमच्या कप्प्यांतले पाच विषय निवडा, पाचच, आणि त्या त्या मंत्रालयाची खर्चाची पानं उघडा. तिथे चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचाच सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाची तरतूद. सगळे जण चौथा रकाना बघतात. तुम्ही दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवा. अंदाज मोठा आणि सुधारित आकडा लहान, म्हणजे सांगितलेले पैसे खर्च झाले नाहीत. अभिभाषणात ज्या विषयाला दोन परिच्छेद मिळालेत, तिथे हे दिसलं तर वहीत तांबडी खूण करा.

विधेयकांसाठी अधिवेशनापूर्वी येणारं लोकसभेचं बुलेटिन, त्याचा दुसरा भाग बघा. कोणती विधेयकं आणायचा सरकारचा विचार आहे ते तिथे दिलेलं असतं. ‘कायदा करू’ असं अभिभाषणात आहे आणि यादीत विधेयक नाही, तर ते वाक्य तिसऱ्या कप्प्यातून उचलून चौथ्यात टाका.

कधीकधी उलटही होतं, चौथ्या कप्प्यातलं वाक्य हळूहळू वर चढतं. लोकसभा आणि विधानसभांच्या एकत्रित निवडणुकांचा प्रवास बघा. जानेवारी २०१८ च्या अभिभाषणात रामनाथ कोविंद यांनी त्यावर चर्चा व्हावी असं वाचलं. जून २०१९ मध्ये खासदारांनी गांभीर्याने विचार करावा असं वाचलं. सप्टेंबर २०२३ मध्ये समिती नेमली गेली, आणि अध्यक्ष कोण, तर तेच कोविंद, आता माजी राष्ट्रपती. मार्च २०२४ मध्ये अहवाल, डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक, तिथून संयुक्त समितीकडे. ‘चर्चा व्हावी’ या दोन शब्दांना विधेयक व्हायला जवळपास सात वर्षं लागली. २०१८ ची वही ज्याने जपून ठेवली असेल, त्याला २०२३ च्या बातमीचं नवल वाटलं नसणार.

वही जानेवारीपर्यंत ठेवा

प्रत्येक नोंदीपुढे एक कोरा रकाना सोडा आणि पुढच्या अभिभाषणाच्या आदल्या रात्री तो भरा. पेनाने नको, पेन्सिलीनेच, कारण मुदती सरकतात. ९ जून २०१४ रोजी प्रणव मुखर्जी यांनी वाचलेल्या अभिभाषणात, स्वातंत्र्याला ७५ वर्षं होतील तोवर प्रत्येक कुटुंबाला पाणी, शौचालय आणि चोवीस तास वीज असलेलं पक्कं घर, असं होतं. तारीख असलेलं, मोजता येणारं वाक्य. पुढे घरं मोठ्या संख्येने झाली, आणि योजनांची मुदत २०२२ च्या पलीकडेही वाढवावी लागली. दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात लिहायच्या, एक खोडून दुसरी नाही. आमच्याकडे यावरून वाद होतात. कुणाला फक्त पहिला भाग लिहायचा असतो, कुणाला फक्त दुसरा.

त्याच भाषणात जलदगती रेल्वेच्या हीरक चतुष्कोनाचाही, म्हणजे मोठ्या शहरांना चौकोनासारखं जोडणाऱ्या मार्गांचाही, उल्लेख होता. अभ्यासिकेतल्या वहीत त्या नोंदीपुढे एका मुलीने चौकोनच काढून ठेवलाय. त्याच्या एका बाजूवर लिहिलंय: मुंबई–अहमदाबाद, ५०८ किलोमीटर, भूमिपूजन सप्टेंबर २०१७, आपल्याकडची स्थानकं वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर. उरलेल्या तीन बाजूंवर अजून काही लिहिलेलं नाही.