कॅमशाफ्ट घरी बदलताय? बोल्ट आवळताना या चुका टाळा

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; कॅपा त्याला हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, धरून ठेवतात. कॅपचा बोल्ट बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत दहाच्या पान्याने फिरतो. म्हणजे जाडी ६ मिलिमीटर, आणि तो शिरतो ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये. त्याला लागतो १० ते १२ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (आवळण्याचा पीळ), चाकाच्या नटाच्या साधारण दहावा हिस्सा. एवढं एक डोक्यात ठेवलं असतं तर माझ्याकडे येणारी निम्मी हेडं आलीच नसती.

मित्राच्या मुलाचा एका रविवारी दुपारी फोन आला, “काका, क्लिक येतच नाहीये.” मी विचारलं, टॉर्क रेंच (ठरवलेल्या टॉर्कला क्लिक करणारा पाना) कुठला? तर अर्धा इंची, चाकाचे नट आवळायचा. त्याचं स्केल ४० पासून सुरू होतं. मॅन्युअलमध्ये ११ लिहिलेलं, रेंचवर ११ ची खूणच नाही. म्हणून त्याने तो सगळ्यात खालच्या आकड्यावर लावला आणि क्लिकची वाट बघत ओढत राहिला. मी पोहोचलो तोवर बोल्ट नुसता गोल फिरत होता. बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक तार गुंडाळलेली. ती तार म्हणजे हेडमधले आटे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांसाठी तारेची गुंडाळी, बसवून घेतलं आणि हेड वाचलं. पोरगा मेहनती आहे, पण महाग हत्यार हातात आहे म्हणजे काम बरोबर होणार, असं त्याने धरून चाललं होतं.

या कामाला मी पाव इंची, ५ ते २५ चा रेंच वापरतो. कुठल्याही रेंचच्या स्केलच्या खालच्या पाचव्या हिश्श्यावर माझा भरवसा नाही. कमी टॉर्कवर क्लिक फार हलका येतो, म्हणून आधी शिकंज्यात एक जुना बोल्ट धरून पाच-सहा वेळा तो हाताला ओळखीचा करून घ्या. पहिल्या क्लिकला थांबायचं. खात्रीसाठी पुन्हा ओढलंत की बोल्ट आणखी आवळला जातो. झालेल्या बोल्टवर मी नेलपॉलिशचा ठिपका देतो, म्हणजे तोच बोल्ट दोनदा होत नाही. आणि टॉर्क रेंचने बोल्ट उघडू नका, त्यासाठी साधा रॅचेट आहे.

दुसरी चूक याहून महाग पडते: एका टोकाची कॅप पूर्ण आवळून मग पुढच्या कॅपकडे जाणं. शाफ्ट हेडवर ठेवला की काही लोब (शाफ्टवरचे उंचवटे) व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवर टेकलेले असतात, त्यामुळे तो सरळ बसत नाही, एका बाजूने उचललेला राहतो. अशा वेळी एकच कॅप खाली ओढली तर सगळा ताण तिथे येतो. ओतीव लोखंडाचा शाफ्ट वाकत नाही, मोडतो. तो टिकला तर कॅप तडकते. एक गृहस्थ रुमालात कॅपचे दोन तुकडे घेऊन आले होते आणि विचारत होते, ही एकटी कुठे मिळेल? मिळत नाही. कॅपा हेडवर बसवूनच शाफ्टची भोकं एकत्र बोअर केलेली असतात, बहुतेक गाड्यांत मध्ये वेगळं बेअरिंगही नसतं. त्यांना अख्खं जुनं हेड शोधावं लागलं. दहा मिनिटं वाचवायला गेले होते.

मी सगळे बोल्ट आधी बोटांनी लावतो. मग मॅन्युअलच्या क्रमाने, बहुधा मधून बाहेर, प्रत्येकाला अर्धा फेरा. दर फेरीनंतर बाजूने वाकून बघतो, कॅपांखालची फट सगळीकडे सारखी आहे ना. सगळ्या कॅपा टेकल्याशिवाय टॉर्क रेंच हातात घेत नाही. उघडतानाही अर्धा-अर्धा फेराच, फक्त क्रम उलटा. कॅपांवर नंबर आणि बाण असतात, तरी मी त्या अंड्याच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवतो. घाईत नंबर वाचायचे राहतात.

बोल्टच्या भोकात तेल साचू देऊ नका. भोक खालून बंद असतं आणि तेल दबत नाही. बोल्ट आत गेला की भिंत तडकू शकते. आट्यांवर तेल लावायचं की नाही हेही मॅन्युअल ठरवतं. तुमचा निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, उरलेल्यातला बराचसा आट्यांत. बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. घर्षण कमी झालं की त्याच क्लिकला ताण कितीतरी वाढतो. तेल जर्नलवर (शाफ्ट कॅपांत फिरतो तो भाग) आणि लोबवर मात्र भरपूर लावा.

एकक तपासा: १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, १ फूट-पाउंड म्हणजे १.३६.

टॉर्कनंतर अंशात फिरवायला सांगितलेले बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात. मॅन्युअल म्हणत असेल तर नवेच घ्या.

स्प्रॉकेटचा (शाफ्टच्या टोकाच्या दातेरी चाकाचा) बोल्ट आवळताना शाफ्ट त्याच्या षटकोनावर पाना लावून धरा, टायमिंग चेनच्या किंवा लॉक पिनच्या जोरावर नाही.

थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, सांगितलं असेल तिथेच.

रॉकर कव्हर (हेडवरचं झाकण) लावायच्या आधी क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) बोल्टवर गोटी, म्हणजे सॉकेट, लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. स्प्रिंगांमुळे हात कधी जड, कधी हलका लागेल, ते ठीक. पण कुठे टणक अडकलं तर जोर लावू नका आणि स्टार्टरही मारू नका. थोडं मागे फिरवा आणि टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवून बघा.