मोबाइलवरील खेळांतून मुलांना गुरुत्वाकर्षण कसे शिकवावे

‘अंतराळवीर का तरंगतात?’ या प्रश्नाला ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते,’ असे उत्तर इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी सुट्टीत जमलेल्या चारही मुलांनी एकदमच दिले होते. वास्तविक आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ज्या सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते, तेथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. अंतराळवीर तरंगतात ते ओढ संपल्यामुळे नव्हे, तर स्थानकासह ते सतत पडत असल्यामुळे. ही एक गोष्ट मनात पक्की बसावी यासाठी मोबाइलवरील काही खेळ फार उपयोगी आहेत, मात्र ते कोणत्या क्रमाने हाती द्यावेत हे पालकांनी आधी ठरवावे.

सुरुवात कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील ‘ग्रॅव्हिटी अँड ऑर्बिट्स’ या खेळापासून करावी. तो विनामूल्य असून फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतो. सूर्य आणि पृथ्वीचे दृश्य निवडून वेग, ओढ व मार्ग दाखवण्याचे पर्याय चालू करावेत, पण लगेच काही हलवू देऊ नये. ‘आता गुरुत्वाकर्षण बंद केले तर पृथ्वी कुठे जाईल?’ असे विचारून मुलाला कागदावर रेघ काढायला लावावी. आमच्याकडे तिघांनी सूर्यापासून थेट बाहेर जाणारी रेघ काढली. स्क्रीनवरची पृथ्वी मात्र त्या क्षणी जिकडे चालली होती तिकडेच, वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या रेषेत निघून गेली. धाकटी पुतणी बराच वेळ कागद फोनशेजारी धरून दोन्ही रेघांवर आळीपाळीने बोट फिरवत राहिली. अंदाज आधी कागदावर उतरला नसता, तर आपले कुठे चुकले हे तिला कळलेच नसते, म्हणून ही पायरी कधीही गाळू नये. पुढे वेगाचा बाण थोडा आखूड करावा: कक्षा लांबट होते, पृथ्वी सूर्याच्या जवळ येते आणि जवळ येता येता तिचा वेग वाढतो. हाच केप्लरचा दुसरा नियम. त्याचे नाव नंतर सांगितले तरी चालते.

त्यानंतरच ‘स्पेसफ्लाइट सिम्युलेटर’ हे ॲप द्यावे. पहिले रॉकेट बहुतेक मुले सरळ वर सोडतात आणि इंधन संपले की ते परत खाली येते. अशा वेळी उत्तर सांगण्याची घाई न करता, गच्चीवरून चेंडू आडवा आणि अधिकाधिक जोरात फेकत गेलो तर तो कुठे पडेल, असे विचारावे. कक्षेत राहायचे तर नुसती उंची पुरत नाही, आडवा वेग लागतो, हे एकदा उमगले की मूल आपणहून रॉकेट हळूहळू कलते करू लागते. खऱ्या पृथ्वीभोवती कमी उंचीच्या कक्षेसाठी हा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो. खेळातले ग्रह लहान केलेले असल्यामुळे तेथे तो बराच कमी दिसतो, हे स्पष्ट सांगावे.

कक्षा साधल्यावर नकाशा उघडावा आणि पृथ्वीला सर्वांत जवळच्या बिंदूपाशी, यान चालले असेल त्याच दिशेने, इंजिन थोडा वेळ चालवावे. उंची वाढते ती कक्षेच्या पलीकडच्या बाजूची. १४ जुलै २०२३ रोजी निघालेल्या चांद्रयान-३ ची कक्षा याच रीतीने टप्प्याटप्प्याने वाढवत नेली गेली, १ ऑगस्टला ते चंद्राच्या वाटेला लावले गेले आणि २३ ऑगस्टला उतरले. ज्या मुलाने ही कक्षा स्वतः बोटाने वाढवली आहे, त्याला त्या मोहिमेला चाळीस दिवस का लागले हे वेगळे समजावावे लागत नाही.

या खेळाची एक मर्यादाही सांगून ठेवावी. त्यात यानावर एका वेळी एकाच गोलाची ओढ मोजली जाते; प्रत्यक्षात सूर्य, पृथ्वी आणि चंद्र तिघेही एकाच वेळी ओढत असतात.

खेळ झाल्यावर फोन बाजूला ठेवून, शुक्ल पंचमीच्या सुमारास लागोपाठ तीन संध्याकाळी ठरावीक वेळी मुलांना गच्चीवर न्यावे. शहराच्या उजेडातही चंद्र स्पष्ट दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश भरते. रोज चंद्र पूर्वेकडे एका मुठीहून थोडा अधिक सरकलेला आढळेल, आणि ते अंतर मुलांनी त्याच कागदावर, अंदाजाच्या रेघांखाली, लिहून ठेवावे.