गिनी पिगच्या पिंजऱ्यातले विटकरी डाग

जळगावचा मे महिना. गिनी पिगच्या पिंजऱ्यातल्या पांढऱ्या फडक्यावर विटकरी डाग दिसले आणि आईने घर डोक्यावर घेतलं, "रक्तच आहे!" डागावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकले. रक्त असतं तर भसाभसा फेस आला असता, आला नाही. तरी डॉक्टरांकडून लघवीची पट्टी तपासून घेतलीच, कारण मुतखडा अंगावर काढण्यातली गोष्ट नाही. पट्टीत रक्त नव्हतं. ताजी लघवी पिवळी, वाळली की लालसर: रंगद्रव्यांचा खेळ, त्यात बीट खाल्लेलं. डागांसोबत दिसणारी पांढरी भुकटी मात्र लघवीतल्या कॅल्शियमची. लसूणघासात कॅल्शियम जास्त, म्हणून वाढ पूर्ण झालेल्या गिनी पिगला तो नकोच. तो थांबवून वाळलं गवत वाढवलं, पाणी दोन जागी ठेवलं. भुकटी कमी झाली. ट्रेवरचा थर व्हिनेगरने निघाला.