रोज वचन वाचता, पण प्रार्थना तीच ती होते? या चुका टाळा

सकाळी वचन वाचलं, बायबल मिटलं, डोळे मिटले आणि कालचीच प्रार्थना सुरू झाली. घरच्यांना सांभाळ, नोकरीचं बघ, आजारी लोकांना बरं कर, आमेन. मागण्यात काहीच चूक नाही, पण आत्ता जे वाचलं त्यातलं काहीच त्या प्रार्थनेत आलं नाही. देव वचनातून बोलतो असं आपण मानतो ना, मग तो बोलल्या बोलल्या आपण विषय का बदलतो? मला वाटतं बाकीच्या बऱ्याच अडचणी इथूनच निघतात.

बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाचा नववा अध्याय काढून बघा. दानीएल यिर्मया संदेष्ट्याचं लिखाण वाचतोय, त्यात यरुशलेम ओसाड राहायची 70 वर्षं सांगितलीयेत हे त्याच्या लक्षात येतं, आणि पुढच्याच वचनात तो उपास करून, गोणपाट नेसून, राखेत बसून प्रार्थना करायला लागतो. देवाने सांगितलंय म्हणजे होईलच आपोआप, असं म्हणून तो गप्प बसला नाही. आणि प्रार्थना कसली, तर "आम्ही पाप केलं" अशी, लोकांचं पाप तो आपलं धरून बोलतो. वाचनातून प्रार्थना निघते म्हणजे काय ते इथे स्वच्छ दिसतं.

आता त्याच यिर्मयाचं आपण काय करतो? 29:11, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, हे वचन फुलांच्या फोटोवर टाकून स्टेटसला ठेवतो. दहावं वचन कोणी ठेवत नाही, कारण त्यात बाबेलमध्ये 70 वर्षं काढायचीयेत असं लिहिलंय, म्हणजे बंदी करून बाबेलला नेलेल्या ज्या यहुद्यांना यिर्मयाचं हे पत्र गेलं त्यातल्या म्हाताऱ्या माणसांना परत आपलं गाव दिसणारच नव्हतं. त्यांना सांगितलंय काय, तर तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. नगरहून मुंबईला नाहीतर वसईहून आखातात नोकरीला गेलेल्या माणसाने हे चार ते अकरा वचनं सलग वाचलं तर त्याची प्रार्थना किती बदलेल बघा, "मला लवकर परत ने" एवढ्यावरच ती थांबणार नाही, शेजारच्या खोलीतला माणूसही त्यात येईल. परीक्षेच्या आधी म्हटलं जाणारं फिलिप्पै 4:13, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सगळं करू शकतो, हे पण तसंच. पौलाने ते कैदेत असताना लिहिलंय आणि बाराव्या वचनात तो उपाशी राहण्याबद्दल बोलतोय. म्हणून एकटं वचन उचलू नका, मागचा पुढचा परिच्छेद वाचाच.

दुसरी अडचण म्हणजे वर्षात बायबल पूर्ण करायचा प्लॅन. प्रोटेस्टंट बायबलात 1189 अध्याय आहेत, म्हणजे रोज तीनपेक्षा थोडे जास्त. 1 जानेवारीला उत्पत्तीपासून सुरू करणारा माणूस महिनाअखेरीला नियमांनी भरलेल्या लेवीय या तिसऱ्या पुस्तकात पोचतो आणि बरेच जण तिथेच अडकतात, किंवा अडकत नाहीत पण नुसती टिक करायला भराभर वाचतात आणि प्रार्थनेला वेळच उरत नाही. पूर्ण बायबल वाचणं चांगलंच आहे, जरूर वाचा, पण ते वाचन दुपारी किंवा रात्री ठेवा आणि प्रार्थनेसाठी दहा-बारा वचनं पुरे. बाराव्या शतकातला गुइगो नावाचा संन्यासी चार पायऱ्या सांगून गेलाय, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवापुढे नुसतं शांत बसणं. आपली दुसरी पायरी गळते, आणि चौथी तर बहुतेकांना माहीतच नसते.

मनन कसं करायचं हे कळत नसेल तर मार्क 4:35-41 घ्या, वादळात येशू होडीत झोपलेला असतो तो भाग. हळू वाचा, दोनदा वाचा, आणि कुठल्या वाक्यावर मन अडकतं ते बघा. घरात कोणाचा रिपोर्ट यायचा असेल तर बहुतेक शिष्यांच्याच वाक्यावर अडकेल, गुरुजी, आम्ही बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का? मग तिथूनच प्रार्थना सुरू करा, "प्रभू, मला पण आज तू झोपलायस असं वाटतंय." हे बोलायला लोक घाबरतात, अविश्वास वाटतो. पण शिष्य हे त्यालाच जागं करून बोलले आणि वादळ शांत झालं. त्याने नंतर त्यांना विचारलं खरं, तुम्ही असे का घाबरलात, तर तो प्रश्न पण ऐका, नुसतं गाऱ्हाणं सांगून उठू नका.

याच भीतीने दुःखाची स्तोत्रं गाळली जातात. 23 आणि 91 पाठ असतात, 13 आणि 88 कोणी काढत नाही. 13 व्या स्तोत्रात "कुठवर" हा प्रश्न चार वेळा आहे आणि 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी काही गोड नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी 22 वं स्तोत्र आलं, माझ्या देवा, तू मला का सोडलंस, मग आपण रडताना स्तोत्र का नको? मन जड असेल त्या दिवशी स्वतःचे शब्द शोधत बसू नका, ते स्तोत्र मोठ्याने वाचा, तीच तुमची प्रार्थना.

भाषेचं पण बघा. इंग्रजी ॲपवर वाचायचं आणि प्रार्थना ग्रांथिक मराठीत करायची, यात मन कुठेच लागत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं ते साध्या बायकांना कळावं म्हणून. तुम्ही आईशी ज्या बोलीत बोलता त्या बोलीत प्रार्थना करा, देवाला चालते. ॲपवर वाचत असाल तर नोटिफिकेशन बंद, आणि जमलं तर छापील बायबलच घ्या.

चार दिवस चुकले तर मागचं भरून काढायला बसू नका, त्या ओझ्यानेच लोक कायमचं सोडतात. आजच्या तारखेचं वाचा. कॅथलिक घरांत हे सोपं आहे कारण मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, वाचनं रोजची ठरलेली असतात. कौटुंबिक प्रार्थनेत मात्र सगळं बाबांनीच वाचायचं आणि बाबांनीच बोलायचं असं करू नका, शुभवर्तमान लेकरांना वाचू द्या आणि प्रत्येकाला ऐकलेल्या भागातलं एकच वाक्य घेऊन प्रार्थना करायला सांगा, आजीपासून सुरुवात करा म्हणजे लहानांना जमतं.